खाडीच्या गाळातला गॅस आणि चीनचा स्टॉक

मार्च २०१२ मध्ये चीन सरकारच्या भूमी व साधनसंपत्ती मंत्रालयाने एक आकडा जाहीर केला. चीनच्या जमिनीखाली शेल नावाच्या दगडात कोंडलेला आणि बाहेर काढता येण्याजोगा नैसर्गिक गॅस २५.०८ लाख कोटी घनमीटर आहे, असा तो आकडा होता. त्याची फोड तीन खात्यांत केली होती. खोल समुद्रात बनलेल्या शेलमध्ये ८.१९, जमिनीवरच्या तळ्यांत बनलेल्या शेलमध्ये ७.९२ आणि समुद्र व जमीन यांच्या सीमेवर, म्हणजे खाडी, खाजण, दलदल अशा जागी बनलेल्या शेलमध्ये ८.९७ लाख कोटी घनमीटर. तिघा भावांत मधल्या भावाचा वाटा सर्वांत मोठा निघाला. आपल्या भारताचा सध्याचा सगळा गॅसचा खप धरला, तरी एवढ्या मालात शंभर वर्षांहून जास्त काळ निघेल.

२०१५ मध्ये पुन्हा पाहणी झाली. या वेळी एकूण आकडा २१.८ लाख कोटी घनमीटरवर आला. समुद्री शेलचा वाटा वाढून १३.० झाला, तळ्यांच्या शेलचा ३.७ वर उतरला आणि मधल्या भावाचे ८.९७ चे ५.१ झाले.

गॅस कोणी चोरला नाही, तो उडूनही गेला नाही. दगड कोट्यवधी वर्षांपासून आहे तिथेच आहे. फरक एवढाच, की पहिल्या वेळी गोदामाच्या दारात उभे राहून गाठी मोजल्या होत्या आणि दुसऱ्या वेळी काही ताके उलगडून पाहिले. कापडाच्या धंद्यात ज्याने आयुष्य काढले त्याला या दोन मोजण्यांतला फरक समजावून सांगायची गरज नाही.

कापडवाल्याने दगडाच्या भानगडीत कशाला पडावे, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण प्रोसेस हाऊसचा बॉयलर आणि स्टेंटर कशावर चालतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला इंधनाची बातमी परकी वाटत नाही. कोरे कापड रंगवून, छापून, फिनिश होऊन येईपर्यंत मीटरमागे जो खर्च चढतो, त्यात वाफेचा आणि उष्णतेचा हिस्सा मोठा असतो. चीनकडे स्वतःचा स्वस्त गॅस किती निघतो, यावर तो बाहेरून किती उचलतो हे ठरते, आणि तो किती उचलतो यावर बाजारातला भाव हलतो. २०१७ च्या हिवाळ्यात उत्तर चीनमध्ये धुराचा बंदोबस्त म्हणून लाखो घरांतल्या कोळशाच्या शेगड्या बंद करून गॅस दिला गेला. गॅस पुरेना, तेव्हा कारखान्यांचा पुरवठा कापावा लागला. २०१८ मध्ये चीन जगातला सर्वांत मोठा गॅस आयात करणारा देश बनला. जहाजाने येणाऱ्या द्रवरूप गॅसच्या, म्हणजे एलएनजीच्या, खरेदीतही २०२१ मध्ये त्याने जपानला मागे टाकले, २०२२ मध्ये तो मागे पडला आणि २०२३ मध्ये पुन्हा पहिला आला. एवढा मोठा गिऱ्हाईक मंडईत शिरला किंवा उठून गेला की लहान गिऱ्हाइकाला त्याचा झटका बसतोच. आपले प्रोसेसवाले लहान गिऱ्हाइकांत मोडतात.

दगड कसा बनला

शेल म्हणजे चिखलाचा दगड. बारीक गाळ थरावर थर बसत गेला, वरच्या ओझ्याने दाबला गेला आणि पापुद्र्यापापुद्र्यांचा दगड तयार झाला. गाळाबरोबर जे झाडपाला, शेवाळ, सूक्ष्म जीव गाडले गेले, त्यांचा खोलवरच्या उष्णतेत कोट्यवधी वर्षांत गॅस बनला. नेहमीच्या गॅसच्या साठ्यात तो दगडातून सुटून वर सरकतो आणि एखाद्या सच्छिद्र वाळूच्या दगडात जमा होतो. तिथे भोक पाडले की आपोआप बाहेर येतो. शेलमधला गॅस मात्र जिथे जन्मला तिथेच अडकून राहतो, कारण शेलमधून काही पाझरत नाही. तो काढायचा तर दोन कामे करावी लागतात. आधी विहीर खाली नेऊन मग थराच्या आतून आडवी एक-दोन किलोमीटर न्यायची, आणि नंतर प्रचंड दाबाने पाणी व वाळू घुसवून दगड फोडायचा. वाळूचे कण भेगांत अडकतात, भेगा मिटत नाहीत आणि गॅस विहिरीत येतो.

ही युक्ती अमेरिकेत टेक्सासमधल्या बार्नेट शेलवर जमली. जॉर्ज मिचेल नावाच्या उद्योजकाने १९८१ पासून तिथे पैसा ओतला आणि १९९८ मध्ये त्याच्या माणसांना पाण्याने दगड फोडण्याची स्वस्त रीत साधली. सतरा वर्षे! मिचेलचा बाप ग्रीसमधून आलेला शेळ्या राखणारा माणूस, गॅल्व्हेस्टन शहरात बूटपॉलिश आणि कपड्यांना इस्त्री करण्याचे दुकान चालवी. हे जाता जाता सांगितले.

बार्नेट हा समुद्री शेल आहे. चीनमध्ये ज्या शेलने नाव कमावले तोही समुद्री आहे. चोंगचिंगजवळ फूलिंग येथे नोव्हेंबर २०१२ मध्ये एका आडव्या विहिरीतून दिवसाला २ लाख ३ हजार घनमीटर गॅस निघाला. तो थर लोंगमाशी या नावाने ओळखला जातो आणि सुमारे ४४ कोटी वर्षांचा जुना आहे. शांत, खोल समुद्राच्या तळाशी लाखो वर्षे एकसारखा गाळ बसत राहिला, म्हणून फूलिंगला कामाचा थर तीस-चाळीस मीटर जाड भरतो आणि दूरवर तसाच पसरलेला सापडतो. मिलचा ताका उलगडावा आणि पहिल्या मीटरपासून शेवटच्या मीटरपर्यंत एकच वीण निघावी, तसा हा माल.

मधल्या भावाची तऱ्हा निराळी. उत्तर चीनमध्ये शान्शी प्रांत आणि त्याच्या पश्चिमेला ऑर्डोसचे मोठे खोरे आहे. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी हा सगळा मुलूख समुद्रकाठची सपाट दलदल होता. समुद्र आत यायचा, मागे हटायचा, पुन्हा यायचा. आला की चुनखडीचा थर टाकून जायचा, हटला की मागे नद्यांचा गाळ आणि घनदाट जंगल. त्या जंगलाचा कोळसा झाला आणि त्याच कोळशावर शान्शी प्रांत आजही जगतो. बेन्शी, ताइयुआन आणि शान्शी अशी खालून वर या थरांची नावे आहेत. दक्षिणेला सिचुआन आणि ग्वेइचौमध्ये लोंगतान नावाचे असेच कोळशाचे थर आहेत, ते थोडे नंतरचे.

आपल्यापैकी जे कोकणातले आहेत त्यांना हे चित्र पुस्तकातून शिकायला नको. बाणकोटच्या किंवा दाभोळच्या खाडीत ओहोटीच्या वेळी उतरून पाहावे. एका ठिकाणी गुडघाभर काळा चिखल, पन्नास पावलांवर रेतीचा पट्टा, त्यापलीकडे तिवरांची झाडी, मध्येच शिंपल्यांचा ढीग. पुढच्या पावसात नदी आपली वाट थोडी बदलते आणि जिथे चिखल होता तिथे रेती बसते. हे लाखो वर्षे चालले आणि नंतर सगळे दगड झाले, अशी कल्पना करावी. खाली जे तयार होईल त्याला एका विणीचा ताका म्हणता येणार नाही, ती गोधडी होईल. दोन मीटर शेल, एक मीटर कोळसा, तीन मीटर वाळूचा दगड, पुन्हा शेल, मग चुनखडी. आणि अर्ध्या किलोमीटरवर दुसरी विहीर खणली तर तुकड्यांचा क्रम वेगळा.

खोट कुठे आहे

गॅस बनवायला लागणारा कच्चा माल या दगडात कमी नाही, उलट भरपूर आहे. झाडपाल्याचा अंश कुठे एक टक्का, तर थोडे खाली दहा टक्क्यांच्या वर. पण हा माल लाकडाच्या जातीचा. समुद्री शेलमधला शेवाळाच्या जातीचा असतो. शेवाळापासून आधी तेल बनते, मग त्याचा गॅस होतो आणि या उलाढालीत त्या जळक्या अंशात स्पंजासारखी बारीक छिद्रे पडतात. गॅस त्या छिद्रांत मोकळा भरून राहतो. लाकडाच्या जातीत गॅस बनतो, पण छिद्रे फारशी पडत नाहीत. मग जो गॅस आहे तो चिकणमातीच्या कणांच्या फटींत आणि पृष्ठभागाला चिकटून राहतो. मोकळा गॅस म्हणजे गल्ल्यातली रोकड, चिकटलेला गॅस म्हणजे उधारी. उधारी वसूल होते, पण हळूहळू आणि दाब पुरता उतरल्यावर.

दुसरी खोट चिकणमातीची. लोंगमाशी शेलमध्ये गारेचे कण जास्त, म्हणून तो काचेसारखा तडकतो आणि भेगांचे जाळे पसरते. खाडीच्या शेलमध्ये चिकणमाती बऱ्याचदा अर्ध्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त असते. तो तडकण्याऐवजी दबतो. पाणी लागले की माती फुगते, भेगांत घातलेली वाळू मऊ दगडात रुतून बसते आणि एवढ्या खर्चाने पाडलेली भेग पुन्हा मिटते. काच फोडणे आणि मळलेली कणीक फोडणे यांत जो फरक, तोच इथे आहे.

तिसरी गोष्ट दाबाची. फूलिंगला गॅसचा आतला दाब त्या खोलीवरच्या पाण्याच्या दाबाच्या सुमारे दीडपट भरला, म्हणून तो जोराने बाहेर आला. ऑर्डोसच्या पूर्व कडेला हा दाब बहुतेक ठिकाणी पाण्याइतकाच किंवा त्याहून कमी आहे. माल आहे, पण तो दुकानाबाहेर ढकलणारा हात कमजोर.

आणि गोधडीमुळे होणारी अडचण वेगळीच. आडवी विहीर दीड किलोमीटर न्यायची आणि कामाचा थर मोजके मीटर जाड, तोही मध्येच संपणारा. खणणाऱ्याचे यंत्र थोडे वर चढले की वाळूत, थोडे खाली उतरले की कोळशात. फोडलेली भेग पाणी धरलेल्या वाळूच्या थरात शिरली की विहिरीत गॅसऐवजी पाणी येऊ लागते. जमिनीच्या वरची परिस्थितीही सोपी नाही. हा पिवळ्या मातीचा, खोल घळ्यांचा आणि कमी पावसाचा डोंगराळ प्रदेश आहे. एका आडव्या विहिरीला तीस हजार घनमीटर पाणी लागले असे धरा, म्हणजे दहा हजार लिटरचे तीन हजार टँकर झाले.

लिलावाची घाई

आता पैशाची बाजू. २०१२ च्या आकड्याबरोबरच चीनने मोठे लक्ष्य ठेवले होते. २०१५ मध्ये शेल गॅस ६५० कोटी घनमीटर आणि २०२० मध्ये ६,००० ते १०,००० कोटी घनमीटर. घनमीटरमागे ०.४० युआन अनुदान जाहीर झाले. त्याच वर्षाच्या शेवटी लिलावाची दुसरी फेरी झाली. वीस क्षेत्रे मांडली होती, त्यांतली एकोणीस सोळा कंपन्यांनी घेतली. त्यांत तेल-गॅसचा अनुभव असलेले फार थोडे. वीजवाले, कोळसावाले, प्रांतिक सरकारांच्या गुंतवणूक कंपन्या आणि दोन खासगी असा तो मेळा होता. ज्याने जास्त खर्चाची हमी दिली त्याला क्षेत्र मिळाले.

चांगल्या समुद्री शेलचा गाभा मात्र मोठ्या सरकारी तेल कंपन्यांच्या ताब्यात आधीच गेलेला होता. नव्या लोकांच्या वाट्याला उरलेसुरले तुकडे आले. हेनान प्रांतातल्या क्षेत्रांसारखे काही तुकडे खाडीच्याच शेलचे होते. तिथे खणल्यावर गॅस निघाला, पण धंदा होईल इतका निघाला नाही. बऱ्याच क्षेत्रांत कबूल केलेला खर्चही झाला नाही. पहिल्या फेरीतल्या दोन्ही विजेत्यांना तर हमी पुरी न केल्याबद्दल २०१४ मध्ये दंड झाला आणि त्यांची क्षेत्रे कमी करण्यात आली.

या लोकांना मी मूर्ख म्हणणार नाही. अमेरिकेत त्या वर्षांत शेलच्या जोरावर गॅसचा भाव कोसळला होता, सगळ्या जगाचे डोळे दिपले होते. पण अमेरिकेचा अनुभव समुद्री शेलचा आणि सपाट जमिनीचा होता. तोच भाव लावून गोधडीचा सौदा केला गेला. आमच्या बाजारात नमुना एका गाठीचा दाखवून दुसरीच गाठ गळ्यात मारली तर आपण विकणाऱ्याला दोष देतो. इथे नमुना दाखवणारा कोणीच नव्हता, घेणाऱ्यानेच मनाशी तो धरला होता.

पुढे लक्ष्य उतरवत नेले. २०२० साठी ३,००० कोटी ठरले आणि प्रत्यक्षात सुमारे २,००० कोटी घनमीटर निघाला. २०२३ मध्ये तो अडीच हजार कोटींवर पोहोचला. उतरवलेल्या लक्ष्याच्याही खाली असला तरी हा आकडा लहान नाही, अमेरिकेबाहेर एवढा शेल गॅस फार कोणी काढलेला नाही. पण त्यातला जवळजवळ सगळा सिचुआनच्या त्या समुद्री लोंगमाशी शेलचा. मधल्या भावाचे ५.१ लाख कोटी कागदावरच पडून राहिले.

पिवळ्या नदीच्या काठी

मग त्याचा दावा सोडून द्यावा का? शान्शी प्रांताच्या नैर्ऋत्येला लिनफेन जिल्ह्यात दानिंग आणि जीशिएन हे दोन तालुके आहेत. पिवळ्या नदीचा प्रसिद्ध हुकोऊ धबधबा याच जीशिएनच्या हद्दीवर आहे. इथे सरकारी पेट्रोचायनाची कोळसा-गॅस कंपनी काम करते. तिच्या भूवैज्ञानिकांनी गोधडीचे तुकडे बारकाईने वेगळे केले. शान्शी थराच्या खालच्या भागात, जिथे पूर्वी शांत खारे सरोवर किंवा खाडीचा बंदिस्त भाग होता, तिथला शेल इतर शेलपेक्षा एकसारखा, जाड आणि गारेचे प्रमाण जास्त असलेला निघाला. तिथे खणलेल्या उभ्या आणि आडव्या विहिरींनी गॅस दिला. म्हणजे सगळी गोधडी टाकाऊ नाही, तिच्यात काही तुकडे चांगल्या कापडाचे आहेत. ते शोधण्याची मजुरी मात्र मोठी आहे.

खरी गंमत पुढे झाली. शेलच्या शोधात ज्या थरांतून विहिरी खाली जात होत्या, त्यांतच कोळसा होता. कोळशातला गॅस हजारेक मीटरच्या आतच काढायचा, त्याखाली तो निघत नाही, असा जुना समज होता. दोन हजार मीटरखालच्या कोळशाकडे कोणी धंद्याच्या नजरेने पाहत नव्हते. २०२१ मध्ये याच दानिंग-जीशिएन भागात तशा खोल कोळशात आडवी विहीर नेली, शेलसारखा भारी मारा करून तो फोडला आणि दिवसाला सुमारे एक लाख घनमीटर गॅस आला. दोन वर्षांनी, २०२३ मध्ये, उत्तरेला शेनफू भागात खोल कोळशाच्या गॅसचे १०० अब्ज घनमीटरहून मोठे क्षेत्र जाहीर झाले. शेल फोडण्यासाठी शिकलेला हुन्नर शेजारच्या कोळशात कामाला आला.

त्यामुळे आता तिथे एकट्या शेलचा हिशोब कोणी मांडत नाही. कोळसा, वाळूचा दगड आणि शेल या तिघांतला गॅस मिळून एकाच विहिरीतून किंवा एकाच जागेवरून काढावा, असा विचार आहे. बोलायला सोपे, करायला कठीण. तिघांचे दाब वेगळे, पाणी वेगळे. जोरदार थराचा गॅस कमजोर थरात शिरला तर बाहेर काहीच येत नाही. पण एकच रस्ता, एकच पाईप, एकच यंत्रसामग्री तिघांत वाटली गेली तर खर्च बसू शकतो. माझा अंदाज असा, की खाडीच्या शेलचा गॅस निघालाच तर तो कोळशाच्या पाठीवर बसून निघेल, स्वतःच्या पायांवर नाही. ज्याला चीनच्या शेल गॅसच्या बातमीवरून पुढच्या सालाचा इंधनाचा भाव ताडायचा असेल, त्याने बातमीत दोनच गोष्टी पाहाव्यात. थर समुद्री आहे की खाडीचा, आणि आकडा जमिनीखालच्या साठ्याचा आहे की वर्षभरात पाईपमध्ये आलेल्या मालाचा.

आपल्याकडे

भारतात पहिल्यांदा शेल गॅस वाहिला तो जानेवारी २०११ मध्ये, पश्चिम बंगालमध्ये दुर्गापूरजवळ इछापूर येथे, ओएनजीसीच्या विहिरीत. तो थर दामोदर खोऱ्यातला. वय शान्शीच्या थरांच्या जवळपासचे, खालीवर कोळसाही तसाच. फरक एवढा, की आपले त्या काळातले कोळशाचे थर बहुतांशी नद्या आणि तळ्यांचे आहेत. समुद्राचे बोट आत शिरल्याच्या खुणा थोड्या ठिकाणीच मिळतात, जसे मध्य प्रदेशात उमरिया आणि छत्तीसगडमध्ये मनेंद्रगड. तेव्हा चीनच्या मधल्या भावाशी आपले नाते चुलत म्हणावे असे आहे. चिकणमातीची आणि लाकडी अंशाची खोट इथेही लागू पडते.

अमेरिकेच्या ऊर्जा माहिती खात्याने २०१३ मध्ये भारताचा काढता येण्याजोगा शेल गॅस ९६ लाख कोटी घनफूट, म्हणजे सुमारे २.७ लाख कोटी घनमीटर धरला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सरकारने आपल्या तेल कंपन्यांना शेल शोधण्याची परवानगी दिली, २०१८ मध्ये ती इतर ठेकेदारांनाही मिळाली. ओएनजीसीने गुजरात, बंगाल, आंध्र, तमिळनाडूत विहिरी खणून पाहिल्या. विकण्याजोगा शेल गॅस अजून निघालेला नाही. राणीगंजला कोळशाचा गॅस मात्र २००७ पासून विकला जातो आहे, म्हणजे कोळसा इथेही शेलच्या पुढेच आहे. आपल्या महाराष्ट्रात चंद्रपूर-घुग्घुसच्या बाजूला त्याच जमान्याचा कोळसा आहे, बाकी बराचसा मुलूख बसाल्टच्या काळ्या कातळाखाली झाकलेला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पेट्रोनेट एलएनजीने कतारशी करार वाढवून घेतला. वर्षाला ७५ लाख टन एलएनजी, २०२८ पासून आणखी वीस वर्षे. सही करणाऱ्यांनी देशातल्या शेलचा भरवसा धरून मुदत कमी ठेवली नाही.